बिराजदार सरांचा सामाईक अर्ज

बिराजदार सर गेले त्या सकाळी मी लातूरच्या माझ्या क्लासमध्ये पहिल्या बॅचला मूत्रपिंड शिकवत होतो. नांदेडहून सुनंदाताईचा, म्हणजे सरांच्या मुलीचा, फोन आला. "दत्तादादा, बाबा गेले. आत्ताच." मी अरेरे म्हणालो, कधी, कसं, काय झालं होतं, सगळं रीतीप्रमाणे विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता तो अर्ज बारगळला. याला दीड महिना झाला. मधल्या काळात सरांवर मी दोनदा भाषण केलं, एकदा डोळेही पुसले, पण हा पहिला विचार कुणाजवळ बोललो नाही. तो दडवून त्यांच्याबद्दल काही लिहिणं म्हणजे भामटेगिरी होईल, म्हणून आधी तोच सांगून टाकला.

शोकसभा आमच्याच गल्लीत झाली. फ्लेक्सवर सरांचा फोटो पासपोर्टएवढा आणि शोकाकुल मंडळींचे फोटो ताटाएवढे. एका वक्त्याने त्यांना चालतंबोलतं संविधान म्हटलं. या गृहस्थाने तीन खोल्यांत भाड्याने पोरं दाटीवाटीने कोंबली आहेत आणि त्यांनी पंखा लावला तरी हा त्यांच्यावर ओरडतो. दुसऱ्याने मोबाइलवरून संविधानाची उद्देशिका वाचून दाखवली. समानतेपाशी आला आणि फोन वाजला, तो त्याने घेतला, प्लॉटचं बोलणं केलं आणि मग राहिलेली बंधुता उरकली. मी बारा मिनिटं बोललो. सरांनी मला घडवलं, असं म्हणालो. सर तिथे असते तर उठून गेले असते, चप्पल सापडायला लागला असता तेवढाच वेळ.

सर आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. किल्लारीपासून जीपने अर्ध्या तासावरचं गाव. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या मागे बांधलेलं शेपूट, त्याला तेव्हाही कुणी विचारत नव्हतं. सर मात्र धड्यांना हात लावायच्या आधी आठ-आठ दिवस पुस्तकाच्या पहिल्या पानावर, उद्देशिकेवर, ठाण मांडून बसायचे. "सातबारा कुणी बघितला का रे?" ते विचारायचे. शेतकऱ्यांचीच पोरं, सगळ्यांचे हात वर. "त्यावर आधी काय बघतेत?" "नाव, सर." "मग हा देशाचा सातबारा हाय. मालकाच्या जागी कुणाचं नाव हाय, वाच." पोरगं वाचायचं, "आम्ही, भारताचे लोक." "निजामाचं हाय का? तहसीलदाराचं हाय का?" "न्हाई, सर." "एकट्याचं हाय का?" इथे पोरं अडायची. मग ते सांगायचे, हे खातं सामाईक आहे, यातून कुणाला आपला तुकडा काढून परस्पर विकता येत नाही. आम्ही खाली मान घालून हसायचो, कारण गावात सामाईक खातं म्हणजे भावाभावांची डोकी फुटायचं ठिकाण. माझे वडील म्हणायचे, "मास्तर चांगला हाय, पण डोक्यावर पडलाय." मलाही तसंच वाटायचं.

भूकंपात वडील गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही... मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजसाठी लातूरला होतो म्हणून वाचलो. आई आणि धाकटी बहीण कशी वाचली ते त्यांनाही सांगता आलं नाही. पुढे आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. गाड्या यायच्या, ब्लँकेटं वाटली जायची, फोटो काढले जायचे, आणि महिन्याभरात आमचं अख्खं गाव हात जोडायला शिकलं. ज्यांच्या तोंडून कधी साधं "रामराम" ऐकायची मारामार होती, ते चौकीदाराला सुद्धा "मायबाप" म्हणू लागले. सरांना या गोष्टीची किळस यायची. शेडच्या तोंडाशी टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. शेजारी निळी रेक्झिनची पिशवी, तिच्यात आखीव कागद आणि कार्बन. आमच्याकडे अर्जाची एक ठरलेली रीत आहे: वर "मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी", मधे गरिबावर दया व्हावी, खाली "आपला आज्ञाधारक". सर यातला एक शब्द लिहू द्यायचे नाहीत. "वर मेहेरबान लिहिलंस की खाली कायबी लिही, ती भीकच. वर आधी तुझं नाव लिही. मजकूर तोच राहतो, पण मागणारा बदलतो." उद्देशिकेचं काम तेवढंच आहे, असं ते म्हणायचे. पुढची सगळी कलमं कोण बोलतंय, हे ती आधी सांगून ठेवते.

घरांची पहिली यादी लागली तेव्हा ज्यांची घरं कागदावर स्वतःच्या नावावर नव्हती ते सगळे वगळले गेले. आमचं घर चुलत आजोबांच्या नावावर होतं, त्यामुळे आम्हीही. सरांनी या सगळ्यांचा मिळून एक अर्ज लिहिला. सुरुवात "आम्ही, या गावचे लोक" अशी. मेहेरबान नाही, सेवेशी नाही. अकराव्या नंबरला मी सही केली, आईने शेजारी अंगठा उठवला. मूळ कागदावर आणि खालच्या प्रतीवर, दोन्हींवर. मी सरांबरोबर तहसीलला गेलो होतो. कारकुनाने कागद वाचला, उलटा करून पाहिला. "ह्यो अर्ज हाय का जाहीरनामा? ज्याचा त्याचा येगळा घेऊन या." सर म्हणाले, "नावं एकाच कारणानं कापलीत. मग अर्ज एकच राहील. पोच द्या." दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ते कोणत्याही कचेरीची पायरी उतरायचे नाहीत. पोच मिळाली. अर्ज मात्र जिथे ठेवला तिथेच बसून राहिला.

उन्हाळा लागला. पत्र्याखाली आईला दोनदा भोवळ आली. सर दर आठवड्याला तहसीलला जायचे आणि तसेच परत यायचे. त्यांचं स्वतःचं नाव पहिल्याच यादीत होतं. मला ते सोयीचं पडलं. पगार चालू असलेल्या माणसालाच "आम्ही" परवडतं, असं मी मनाशी म्हणालो आणि एक दिवस एकटाच तहसीलला गेलो. माझ्या अर्जात मेहेरबान होतं, दया होती, आज्ञाधारक तर दोनदा होतं. कारकून खूश झाला. म्हणाला, "पर तुझं नाव त्या सामाईक कागदात हाय. ते खोड, मग हे घेतो." टेबलाला सुतळीने बांधलेला पेन त्याने पुढे केला. मी अकरा नंबर काढला, माझी सही खोडली, आईचा अंगठाही खोडला, बाजूला बारीक सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्याच टप्प्यात आम्हाला घर मिळालं. बाकीच्यांनी आणखी दोन उन्हाळे पत्र्याखाली काढले. मग त्यांनाही मिळालं, सगळ्यांना एकदम, त्याच कागदावर.

आईला मी काही सांगितलं नाही. तिची समजूत अशी, की घर सरांच्या अर्जाने मिळालं. नव्या घरात सर एकदा आले तेव्हा तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमच्या कागदानं डोक्यावर छत आलं बघा." मी खोडलेली ओळ सरांनी पाहिली असणारच, दर आठवड्याला ती फाइल ते उघडायला लावायचे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वर छताकडे. "गळत न्हाई ना?" "न्हाई जी." "बरं झालं," म्हणाले आणि चहा प्यायले. त्यानंतर दर दिवाळीला आई त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवत राहिली आणि सर तो घेत राहिले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी ती सोय केली नाही, म्हणून मी त्यांना मूर्ख ठरवून टाकलं. मूर्खाशी केलेली बेइमानी फारशी मोजत नाहीत, असं आपण स्वतःला समजावू शकतो. मी पुष्कळ वर्षं समजावलं.

मग लातूरला क्लासेसचे दिवस आले. जिथे डाळीची पोती रचलेली असायची तिथे बाकं आली. मीही आत शिरलो आणि तरलो. आमच्याकडे पोरगं वर्षभर एका खोलीत एकटं बसून शेजाऱ्याचं पोरगं मागे कसं पडेल याची प्रार्थना करतं, आणि त्याला आम्ही अभ्यास म्हणतो. पुस्तकाचं पहिलं पान त्याला माहीत असतं, पण ते परीक्षेला नाही हेही माहीत असतं. माझ्या केबिनमध्ये उद्देशिकेची मोठी फ्रेम आहे. ती मी लावली नाही. सजावटवाला म्हणाला, भिंत मोकळी दिसते, एक तर धबधबा लावू नाहीतर हे. हे स्वस्त पडलं. माझी इमारत, खाली क्लास आणि वर घर, उठली ती नेमकी सरांच्या गल्लीत. निवृत्तीनंतर ते तिथे दोन खोल्यांत राहत होते. गल्लीच्या तोंडाशी लेआउटमध्ये सगळ्यांसाठी सोडलेली खुली जागा होती, पोरं खेळायची, म्हातारी माणसं बसायची. त्या जागेवर मी पत्रे टाकले आणि खाली क्लासच्या पोरांच्या गाड्या लावल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. घरटी माझ्याच क्लासची पोरं भाड्याने राहत होती.

शेवटची भेट त्याच पत्र्यांवरून झाली. सर निळी पिशवी घेऊन माझ्या केबिनमध्ये आले, फ्रेमखाली बसले आणि कार्बनने काढलेल्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या. "आम्ही, या गल्लीचे लोक..." खुली जागा मोकळी करून मिळावी. खाली सहा सह्या. एवढ्या गल्लीत "आम्ही" म्हणायला सहा जण निघाले होते, त्यातले दोघे सर आणि त्यांची पत्नी. "सातवी तू कर," सर म्हणाले. मला हसू आवरेना. "सर, मी माझ्याच विरोधात सही करू?" "विरोध कशाला? गल्लीत राहतोस ना?" मी शिपायाला चहा सांगितला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "अर्ज कशाला पाहिजे? तुमच्यासाठी एक बाजू मोकळी करून देतो. बाकडं टाकतो, वर पंखा लावतो." "नको. ती तुझी मेहेरबानी झाली." "मग सगळेच पत्रे काढतो." "तरी मेहेरबानीच. उद्या मनात आलं की परत टाकशील. जागा आमची हाय." "आमची म्हणजे कुणाची, सर?" "तुझीबी." चहा अर्धा ठेवून ते उठले. कागद तिथेच राहू दिले. दारातून म्हणाले, "सही झाली की दाखल कर. पोच घे." ते गेल्यावर मी ते दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि माझ्या मॅनेजरला हा किस्सा हसत हसत सांगितला. पुढच्याच आठवड्यात त्यांना उपचारांसाठी नांदेडला मुलीकडे नेलं. मी भेटायला गेलो नाही. ॲडमिशनचे दिवस होते.

तेराव्यानंतर सुनंदाताई खोल्या आवरायला लातूरला आली आणि निळी पिशवी माझ्याकडे घेऊन आली. "बाबा म्हणाले होते, दत्ताला दे. त्याला अर्ज लिहिता येतो." ती निरोप साध्या मनाने सांगत होती. आत आखीव कागद, कार्बन, आणि तळाशी घडीवर फाटत आलेली ती जुनी पोच. तहसीलचा शिक्का पुसट झालेला. अकरा नंबर मी शोधला. माझी सही होती तशी होती. आईचा अंगठा होता तसा होता. सर अर्जात एक वेलांटी चुकली तरी दोन्ही प्रती दुरुस्त करणारे, पण मूळ कागदावरची माझी खोडाखोड त्यांनी आपल्या प्रतीवर उतरवून घेतली नव्हती. इतकी वर्षं त्यांच्या पिशवीत मी त्या लोकांतलाच एक होतो. वाचून मला स्वतःची फार शरम वाटली, आणि थोडा रागही आला, की हा माणूस मेल्यावरसुद्धा शिव्या घालत नाही.

परवा मी सातवी सही केली आणि अर्ज घेऊन महापालिकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंची मुलगी माझ्या क्लासला होती. त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही कशाला आलात, फोन करायचा." मग कागद वाचू लागल्या. "सर, हे तुमच्याच शेडचं हाय की." "हाव." "अन् सात नंबरला तुमचीच सही हाय." "हाव." त्यांनी आवाज खाली आणला. "चुकून झाली असंल. खोडा अन् बारीक सही करा, कुणाला कळत न्हाई." त्यांनी पेन पुढे केला. आता पेनाला सुतळी नसते. मी तो घेतला नाही. पोच द्या म्हणालो. गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. दत्ता मास्तर काहीतरी डाव टाकून राहिला, असं तिथे बोलतात, आणि माझा आजवरचा लौकिक पाहता त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पत्रे अजून तसेच आहेत. नोटिशीची वाट बघतोय.

घरी येऊन नवी पोच पिशवीत ठेवत होतो तेव्हा आई शेजारी बसली होती. तिला आता कमी दिसतं. जुना कागद तिने हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं. "ह्यो अंगठा कुणाचा रे?" "तुझा." ती हसली. कागद तिने मांडीवर सरळ केला, घडीवरून हात फिरवला. "म्हंजे ह्योच तो सरांचा कागद. ह्याच्यावरच आपल्याला घर मिळालं, न्हवं?" मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या समोर बसलो. "न्हाई, आई," म्हणालो.