बहिरीनं ऐकलेली हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आळीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका हात जोडून बसतात, मी घरात धुण्याच्या घड्या घालत असते. तेव्हा रचून सांगतेय असं वाटत असेल, तर खुशाल उठा... मला काही देव्हारा मांडायचा नाही.

आमचं घर पर्वतीच्या पायथ्याशी, सरकारच्या शिकारखान्याला लागून. मामंजी तिथे शिकारी पाखरं सांभाळायचे, त्यांच्यानंतर आमचे 'हे'. यांच्या हातावर एक बहिरी असायची — ससाण्याची मादी. नावाची बहिरी, कान मात्र भलते तिखट! मी चुलीपासून "अहो, ताट वाढलंय" म्हटलं की हे आधी तिला घास द्यायचे, मग पाटावर बसायचे. होता होता त्या पाखराला वाटायला लागलं, 'अहो' म्हणजे आपलंच नाव. मोकळी सोडलेली असली तरी माझ्या हाकेसरशी खाली यायची. हे हसायचे. "एक हाक मारतेस आणि दोघं धावत येतो. वर घास आधी तिला!"

फौज उत्तरेला निघाली. कुणा सरदाराला शिकारीचा शौक, म्हणून हेही बहिरीसकट गेले. येरवड्याच्या उताराशी पाणी ओलांडताना मागे वळून बघितलं त्यांनी. तेवढंच. फौज परतली, हे नाही. कुणी म्हणालं पडले, कुणी म्हणालं तिकडेच राहिले. यांना पडलेलं डोळ्यांनी पाहिलेला माणूस काही भेटला नाही.

वर्षं गेली. शेवटी भाऊबंदांनी मामंजींच्या मागे लकडा लावला — दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका एकदाची. दिवस ठरला. आदल्या सकाळी जाऊबाई म्हणाल्या, "उद्या एवढं पार पडलं की तूही सुटशील गं."

सुटशील! म्हणजे कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मी म्हटलं, "सुटायचंय कुणाला, जाऊबाई?"

त्या दुपारी यांचा पाखरू बसवायचा, घरी राहिलेला जुना चामड्याचा हातमोजा तेल लावून उन्हात ठेवला होता. दरवर्षी ठेवायची. सहज हात आत घातला... बोटांच्या जागा अजून यांच्याच होत्या. इतकी आठवण आली, इतकी आली, काय सांगू! डोळे मिटून तशीच उभी राहिले. जेवणवेळ झालेली. तोंडातून निघून गेलं, "अहो, ताट वाढलंय..."

आणि वरून काहीतरी सणसणत आलं. मनगटाला हिसका बसला. डोळे उघडले, तर मोज्यावर बहिरी!

यांचीच आली असं वाटलं. मामंजी पडवीतून बघत होते. दबक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, हलू नकोस. ही आपली नव्हे. पाठ अजून तपकिरी आहे, यंदाचं पिल्लू. पायाला वादीचा वळ नाही. रानातली आहे, माणसाचा हात लागलेला नाही हिला."

मग माझी हाक हिला कुणी शिकवली?

ती टक लावून बघत होती. डोळ्याभोवतालचं फिकट कडंसुद्धा दिसत होतं मला. वाटलं, यांचं नाव घेऊन हिलाच विचारावं — आहेत, का गेले? लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझा कशावर विश्वास नाही, पण तेवढं मात्र पाळलंय. आता उद्या क्रियाच व्हायची, मग हरकत कसली? नाव अगदी ओठांवर आलं... अन् मी गिळलं. म्हटलं, "अहो, किती हो उशीर!"

तिनं मान वाकवली, माझ्या बांगड्यांना चोच हलकेच लावली आणि उडाली.

मामंजी बराच वेळ वर बघत राहिले. मग उठून पागोटं चढवलं. "भटजींना सांगून येतो," म्हणाले. "उद्या यायचं कारण नाही."

त्याला खूप काळ लोटला. मामंजी गेले. हे आले नाहीत. बहिरीही पुन्हा फिरकली नाही. शिकारखान्यातली जुनी माणसं म्हणतात, भुकेलं पिल्लू असेल. असेलही. पण मोज्यावर मांस नव्हतं, नुसता तेलाचा वास होता. मला काही उलगडा झालेला नाही.

कुंकू आहे अजून. ताट रोज वाढते, हाकही रोज मारते. आळी हसते, हसू दे. नाव मात्र घेतलेलं नाही. कधी कधी फार वाटतं हो, एकदाच, पर्वतीच्या माथ्यापर्यंत ऐकू जाईल असं मोठ्यानं घ्यावं. पण ते घेतलं, म्हणजे हे गेले असं मीच मानलं. मग हाक तरी कुणाला मारू?