पंचाहत्तर किलो जास्त

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या हेलिकॉप्टर युनिटमध्ये होतं. मेजर म्हणून निवृत्त झालो आणि भोरला घर केलं. गाव हिर्डोशी, पण बायको सुनीता भोरच्या शाळेत शिकवते. एका खासगी कंपनीत हेलिकॉप्टर उडवायची नोकरी ठरत होती. त्यासाठी नागरी व्यावसायिक लायसन्स लागतं आणि त्याच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात.

एक पेपर सोडून बाकी सगळे मी काढले होते. तेवढ्यात नियम बदलल्याचं पत्रक आलं. पूर्वी बरेचसे प्रश्न विमान आणि हेलिकॉप्टर दोन्हींना एकच असत. धावपट्टीची लांबी, विमानाच्या पंखांचं गणित, असलं पाठ करून मी पास झालो होतो. आता हेलिकॉप्टरचे पेपर वेगळे केले होते. ज्यांचा एखादा पेपर बाकी होता, त्यांना ‘परफॉर्मन्स’चा, म्हणजे यंत्राच्या क्षमतेचा, पेपर नव्याने द्यायचा होता.

मी चिडलो. चौदा वर्षं उडवल्यावर आता हे मला विचारणार? पण खरी गोष्ट वेगळी होती. नव्या पुस्तकातलं चौथं प्रकरण मला उघडवत नव्हतं. पहाटे पाचला टेबलाशी बसायचो, सव्वापाचला उठायचो. गाडी काढून वरंधा घाटापर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो. तीन आठवडे असेच गेले. सुनीताने एकदाच विचारलं, “पुस्तकात आहे तरी काय?”

पुस्तकात एक आलेख होता. उंची आणि तापमान घातलं की हेलिकॉप्टर किती वजन घेऊन जागेवर तरंगू शकेल, ते सांगणारा.

तो दिवस मला मिनिटामिनिटासह आठवतो. वरच्या पोस्टवर दोन जवानांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. माझ्यासोबत को-पायलट कॅप्टन होता. सकाळी बॅटरीने त्रास दिला होता, म्हणून टेक्निशियन हवालदार महादू यालाही घेतलं होतं. महादू वेल्हे तालुक्यातल्या पासली गावचा. युनिटमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच.

दुपारी एक चाळीसला आम्ही पोस्टवर उतरलो. इंजिन चालूच ठेवलं. हवा अंदाजापेक्षा सहा डिग्री गरम होती, म्हणजे हेलिकॉप्टर कमी वजन उचलणार होतं. दोन्ही पेशंट आत घेतले. मी इंटरकॉमवर को-पायलटला विचारलं, “वजन?”

“पंचाहत्तर किलो जास्त, सर.”

मी मागे वळून महादूला म्हणालो, “उतर. दुसऱ्या फेरीला नेतो.”

“व्हय साहेब,” म्हणाला आणि उतरला.

एक सत्तेचाळीसला उडालो. दोन्ही जवान वाचले. अडीच वाजता परत निघायला तयार झालो, तर रेडिओवर पोस्टचा निरोप आला, “दिसणं शून्य. येऊ नका.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला पोस्टवर हिमस्खलन झालं. तिघे गेले. महादू त्यांत होता.

घरच्यांना गेलेल्या पत्रात ‘कर्तव्य बजावताना’ एवढंच होतं. त्याला कुणी उतरवलं, ते नव्हतं. मीही पासलीला कधी गेलो नव्हतो. भोरहून ते काही फार लांब नाही.

परीक्षा पुण्याला होती. अकरावा प्रश्न: अमुक उंची, अमुक तापमान, किती वजन कमी करावं लागेल? उत्तर मला येत होतं. ते लिहिलं, बाकीचा पेपर पुरा केला आणि बाहेर आलो. गाडी घरी नेली नाही. वेल्ह्यावरून सरळ पासली गाठली.

महादूचे वडील भाताच्या खाचराच्या बांधावर बसले होते. मी नाव सांगितलं. मग सगळं सांगितलं, वेळेसकट. त्यांनी विचारलं,

“आकडा चुकला व्हता का?”

“नाही आबा. आकडा बरोबर होता. तो उतरला नसता तर आम्ही पाचही जण गेलो असतो. पण उतर असं मीच म्हणालो.”

“तो कायबी बोलला न्हाई?”

“व्हय म्हणाला.”

त्यांनी हातातलं खुरपं बाजूला ठेवलं. “मंग त्या रोजी तो तितं काय करत व्हता?”

हिमस्खलनातून वाचलेल्या पोस्टवरच्या जवानांनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. पोस्टवरचा स्टोव्ह चार दिवस बंद होता. महादूने दुपारी तो खोलला. एक वॉशर त्याने बुटाच्या चामड्यातून कापून बसवला. संध्याकाळी साडेपाचला स्टोव्ह पेटला. पोस्टवरच्या सगळ्यांनी चार दिवसांनी गरम डाळभात खाल्ला. महादू सगळ्यांत शेवटी जेवला.

आबांनी मान हलवली. “व्हय,” ते म्हणाले, “घरीबी समद्यांच्या मागनंच जेवायचा.”