खोट्या जहाजाच्या पाया

पेणला गणपतीच्या कारखान्यांवरून जाताना ओल्या रंगाचा वास आला, की मला परदेशातल्या समुद्री पार्कमधलं ते ताजं रंगवलेलं, पाळण्यासारखं झुलणारं जहाज आठवतं. आई मिठागरावर वाढलेली. होडीला हात लावून पाया पडल्याशिवाय ती कधी चढायची नाही. तिथेही ती वाकली आणि मागची रांग थांबली. मी लाजून कुजबुजले, “आये, जहाज खोटं हाय गो!” “बसणारी माणसं खरी हायत ना?” ती म्हणाली. मागच्या गोऱ्या आजीला वाटलं, इथला नियमच असावा. तिनेही जहाजाला हात लावून तो कपाळाशी नेला. मग अख्खी रांग तशीच चढली, शेवटी बटण दाबणारा टोपीवाला कप्तानसुद्धा हात लावून मोकळा झाला. आजही त्यावरून चिडवलं, की आई ठसक्यात विचारते, “मग? उतरली ना सगळी धड?”