चिंपांझीच्या जबड्यातली पुट्टी

आमच्या कॉलेजात तपासणीला कमिटी येणार म्हटलं, की जे हलत नाही त्याला रंग लागतो. झाडांचे बुंधे, कुंड्या, पायऱ्यांच्या कडा. त्या वर्षी प्राणिशास्त्राच्या कपाटातल्या दोन कवट्याही सुटल्या नाहीत.

मी अकोल्याहून रोज अमरावतीला अपडाऊन करायची. तासिकेवर होते, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक. कमिटीला विभाग कसा वाटतो यावर माझं पुढचं वर्ष अवलंबून आहे, असं प्राचार्यांनी चहा पिता पिता सुचवलं होतं. तेव्हापासून झोप उडालेली. बडनेरा यायच्या कितीतरी आधी मी गाडीच्या दारात जाऊन उभी राहायची, जणू त्यामुळे कमिटी लवकर येऊन लवकर जाणार होती.

त्या सकाळी कपाट उघडलं, तर दोन्ही कवट्या ऑइलपेंटने चकाकत होत्या. एक माणसाची, एक चिंपांझीची, दोन्ही प्लास्टरच्या. चिंपांझीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात आणि सुळा यांच्यामध्ये फट असते. तोंड मिटलं की खालचा लांब सुळा तिथे बसतो. आपले सुळे बुटके, आपल्याला फट लागत नाही. मुली बाकी सगळं विसरतात, म्हणून मी प्रत्येकीला ती फट बोटाने चाचपायला लावायची. आता माझंच बोट सरळ घसरत गेलं.

"दात पडेल होता न मॅडम," पेंटर शिडीवरूनच म्हणाला. "पुट्टी भरून देल्ली. तुटकं कावून ठेवता कमिटीपुढं?"

काम सुबक होतं, यात वाद नाही. मी हेअरपिनने उकरायला लागले, तेवढ्यात प्राचार्य आले.

"राहू द्या मॅडम, किती छान दिसतंय. कमिटी गेल्यावर काय उकरायचं ते उकरा."

दुपारी कमिटी आली. फाटकावर स्वागताला पांघरलेली शाल कमिटीच्या अध्यक्षांनी त्या उकाड्यातही काढली नव्हती. मुली दिसताच त्यांना शिकवायची हुक्की आली.

"माणसाला हनुवटी आहे, याला नाही. याच्या डोळ्यांवर ही हाडाची जाड कड. कवटी उलटी करा. मणक्याकडे जाणारं भोक आपलं मधोमध, याचं मागे सरकलेलं."

सगळं बरोबर होतं. मग त्यांनी सुळ्याशेजारी बोट ठेवलं. "आणि ही पाहा फट. किती स्पष्ट आहे!"

बोट पुट्टीवर होतं. प्राचार्यांनी मान डोलावली, मग बाकीच्या सदस्यांनी. मुलींनी वहीत लिहून घेतलं. माझ्या हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली होती.

माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी पुटपुटली, "मॅडम, फट कुठी हाय? मले कावून दिसून नाही राहिली?"

मला गप्प राहता आलं असतं. पण मोठ्या माणसाने बोट ठेवलं की नसलेलंही दिसायला हवं, हे मग तिला मीच शिकवलं असतं.

"सर," मी म्हटलं. "फट आहे, पण सध्या पुट्टीखाली आहे. रंगवताना भरली गेली."

अध्यक्षांनी चष्मा लावला. अंगठ्याने चाचपून पाहिलं. "अच्छा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कायम आहात का?"

"नाही सर. तासिकेवर."

"अच्छा," ते पुन्हा म्हणाले आणि ग्रंथालयाकडे निघाले. प्राचार्य माझ्यापाशी क्षणभर थांबले. "पुढच्या वर्षीचं पाहू," म्हणाले. या 'पाहू'चा अर्थ तासिकेवरच्या माणसाला कोशात शोधावा लागत नाही.

मी विच्छेदनाच्या पेटीतून स्काल्पेल काढलं. त्या मुलीने कवटी दोन्ही हातांनी धरली. पुट्टी टणक झाली होती. आधी रंगाचे पापुद्रे उडाले, मग पांढरी पूड.

"मॅडम, पुढच्या वर्षी तुमीच असान ना शिकवाले?"

"कवटी हलवू नकोस," मी म्हटलं.