खोलीचे वाटे

आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी महाराष्ट्रातली मुलं वर्गात बसून जांभया देत असतात, तेव्हा आमची अजून घरातच धिंगाणा घालत असतात. आयांना डोकं फिरवून घ्यायला जास्तीचे दोन आठवडे मिळतात. गेल्या वर्षी मी ते पुरेपूर वापरले.

झालं असं, की मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. पांढऱ्याशुभ्र खोलीत उभ्या राहून त्या सांगत होत्या, शाळा सुरू होण्याआधी मुलांच्या प्रत्येक वस्तूला तिची जागा द्या. मी भारावले. मुळात मी व्यवस्थित बाई आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या पसाऱ्यावर चिडणारी. माझा स्वतःचा मला दिसत नाही.

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घरात मुलांच्या वाट्याला एकच मागची खोली. मुलगी सहावीत जाणार होती, मुलगा तिसरीत. त्याच खोलीत सासऱ्यांची खाट. मी त्यांना मामाजी म्हणते, मुलं आबाजी. हिवाळ्यात गुडघे धरले म्हणून ते आमगावजवळच्या गावाहून आमच्याकडे आले होते आणि शेत ठेक्यानं देऊन टाकलं होतं. खाटेखाली धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, गावरान आंबे पिकत घातलेले, उशाशी रेडिओ, भिंतीला काठी. एवढाच त्यांचा संसार.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खोलीचा नकाशा काढला. दप्तरं इथे, वह्या तिथे, पाण्याच्या बाटल्या, बूट, झाडूसुद्धा. खाटेचं काय करायचं ते सुचेना, म्हणून तिथे 'खाट' लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. नंतर बघू म्हटलं आणि नकाशा फ्रिजवर चिकटवला.

बाजारातून रंगीत टोपल्या आणल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. नवऱ्यानं भिंतीला सहा भोकं पाडून दोन हुक बसवले आणि मग दिवसभर थकल्यासारखा पडून राहिला. तिसऱ्या दिवशी 'वह्या' लिहिलेल्या टोपलीत बाटल्यांची झाकणं, भोवरा आणि अर्धा खाल्लेला आंबा निघाला. मुलीनं खडूनं जमिनीवर रेघ मारली. मुलगा रेघेवर उभा राहून म्हणाला, "ये मेरा एरिया है." गोंदियात भांडण मराठीत सुरू झालं तरी हिंदीत गेल्याशिवाय रंगत नाही.

खरं भांडण खिडकीचं होतं. आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा नेम नाही आणि गेली की अभ्यास खिडकीपाशीच. दोघांनाही खिडकी हवी होती. मी आधी समजावलं, मग ओरडले, मग टोपल्या गच्चीवरून फेकून देईन म्हटलं. कुणी ढिम्म हललं नाही.

मामाजी खाटेवर बसून सगळं ऐकत होते.

"काऊन भांडून राहिले रे?" ते म्हणाले. "सुतळी आणा. वाटे पाडून देतो."

वाटे पाडणं हा त्यांचा हातखंडा. गावात भावाभावांची शेतं वेगळी करायची असली की लोक त्यांना बोलवायचे. धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि दोन बांधींमधल्या मातीच्या बांधाला धुरा. बांधी नुसती मापून चालत नाही, पाणी कुठे साचतं तेही पाहावं लागतं. धानाला पाणी हवं, म्हणून पाणी धरणारी बांधी लहान पाडायची, कोरडी मोठी. आणि नियम दोन: सगळ्यात लहानानं आधी उचलायचं, वाटे पाडणाऱ्यानं शेवटी. स्वतःच्या घरची वाटणी त्यांनीच केली होती. भाऊ उचलून गेले आणि यांच्या वाट्याला नाल्याकाठची, दर पुरात पिकासकट बुडणारी बांधी आली. ही गोष्ट ते इतक्या अभिमानानं सांगतात, की मुलांना ती पाठ आहे.

खोलीतही त्यांनी तेच केलं. काठीनं मोजलं, दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकत सुतळी ताणली. खिडकीकडचा वाटा अरुंद ठेवला, पंखा नाही, कपाट नाही. दाराकडचा ऐसपैस, पंखा आणि कपाटासकट. मुलानं आधी उचलायचं होतं. पाच मिनिटं विचार करून त्यानं दाराकडचा घेतला, कारण तिथून स्वयंपाकघर जवळ. मुलीला खिडकी मिळाली. भांडण संपलं. मी धन्य झाले, टोपल्या पुन्हा लावल्या आणि बहिणीला फोटो पाठवला.

फोटो पाहून बहिणीनं विचारलं, "मामाजींची खाट कुठाय?"

खाट घराबाहेरच्या छपरीत, पत्र्याखाली गेली होती. त्यांनीच नवऱ्याला सांगून दुपारी उचलून ठेवली होती. तिथे हवा लागते म्हणे. मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करते. प्रश्न आपोआप सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर त्यांची पिशवी भरलेली दिसली. रेडिओ टॉवेलात गुंडाळून वर ठेवलेला.

"मामाजी, हे काय?"

"गावाले जातो. पऱ्हे टाकाचे दिवस आले."

शेत ठेक्यावर होतं. धानाची पऱ्हे, म्हणजे रोपं, कुणी दुसराच टाकणार होता. गावच्या घरात चूल पेटवायलाही कुणी नव्हतं आणि हा माणूस खाली बसला की उठायला भिंत शोधत होता. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मला फार लाज वाटली. राहा म्हणायला तोंड उघडलं, पण कुठे राहा म्हणू?

मुलगी माझ्या मागे उभी होती. ती आत गेली आणि सुतळीचा उरलेला गुंडा घेऊन आली.

"आबाजी, तुमचे वाटे चुकले."

वाटे चुकले हे त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नसावं. "कायले चुकन?"

"वाटे पाडणाऱ्यानं शेवटी उचलाचं. तुम्ही काय उचललं?"

"दोघंच हिस्सेदार होते, बाई."

"तीन जण राहून राहिलो होतो खोलीत. नाल्याची का होईना, एक बांधी तुमची पाहिजे."

मामाजी पिशवीच्या बंदाशी बोटं चाळवत राहिले. मग मुलानं त्यांची काठी उचलली आणि आत पळाला. काठीशिवाय त्यांना कुठे जाता येणार नव्हतं, हे त्या बेट्याला बरोबर कळलं होतं.

त्यांना आत यावंच लागलं. सुतळी सोडली, पुन्हा मोजणी झाली. मुलानं थोडं दिलं, मुलीनं थोडं दिलं, मी दोन टोपल्या उचलून नेल्या. मुलांनी पुन्हा आपापले वाटे उचलले. उरली ती मधली चिंचोळी पट्टी, खाटेएवढीच.

"हा तर धुराच झाला," मामाजी म्हणाले, पण खाट आणायला सांगितली.

आंबे तणसासकट खाटेखाली गेले. रेडिओ उशाशी आला. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते पाय लांब करून बसले होते.

"सूनबाई, तो कागद आन."

"कोणता, मामाजी?"

"फ्रिजवरचा. पेनही आन."

म्हणजे त्यांनी वाचला होता. पहिल्या दिवसापासून, येता-जाता, पाणी प्यायला उठताना. मी कागद काढून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. खाटेपुढच्या त्या प्रश्नचिन्हावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे आता खोड," ते म्हणाले.

मी खोडलं. ते बोट न हलवता पाहत राहिले, म्हणून आणखी एकदा खोडलं.