शुक्राची भाषा आणि बलभीमची म्हैस

भूम गावच्या बलभीमला कुणी विचारलं, काय करता, तर तो आधी ऐटीत "सरपंच" म्हणायचा आणि मग हळूच "शुक्रावरचा" असं जोडायचा. पोटापाण्याचं म्हणाल, तर मोगरी नावाची एक म्हैस पाळायची आणि तिचं दूध खव्याच्या भट्टीवर घालायचं. पण केबलवाल्या आयुबभाईंनी हौसेनं मोबाइलवर एक मालिका काढली, शुक्र ग्रहाचा सरपंच म्हणून बलभीमला हिरवा रंग फासून उभा केला आणि गड्याचं नशीबच फळफळलं.

सरपंचानं शुक्राच्या भाषेत बोलायचं होतं. ती कशी असते हे आयुबभाईंना ठाऊक नव्हतं, बलभीमला कुठून असणार? तेव्हा धार काढताना तो मोगरीशी जे बोलायचा, तेच त्यानं कॅमेऱ्यापुढं ठणकावलं, "हुर्र यिल्ली यिल्ली, टक् टक् झुल्ला." पब्लिक फिदा झालं. पोरं वर्गात हजेरीसुद्धा शुक्राच्या भाषेत देऊ लागली.

मग शहरातल्या एका बड्या टीव्ही कंपनीनं अख्खी मालिकाच विकत घेतली. आयुबभाईंनी न वाचता सही ठोकली. कंपनीचा माणूस, कृष्णराज, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बलभीमच्या दारात आला. शुक्र, सरपंच, हिरवा रंग आणि भाषा, सगळं आता कंपनीचं. त्यातला एक शब्द जरी परवानगीशिवाय उच्चारला तर कोर्ट. बलभीम भुतापेक्षा कोर्टाला भिणारा. त्यानं रंगाचा डबा मुकाट परत केला आणि तोंड बंद ठेवलं.

संध्याकाळी मोगरीनं पान्हा चोरला. सकाळीही तेच. बलभीमनं पेंड घातली, पाठ खाजवली, अगदी पुस्तकी मराठीत विनवण्या केल्या. म्हैस ढिम्म. कास टरारून फुगली आणि ती दुखण्यानं रेकायला लागली.

बलभीमची बायको द्वारकाबाई मात्र कोर्टाला भिणारी नव्हती. लॉजवर उतरलेल्या कृष्णराजला तिनं थेट गोठ्यात आणलं आणि त्याच्या हातात चरवी दिली.

"बसा साहेब. भाषा तुमची झाली न्हवं? मग धारंला बी तुमीच बोलायचं. दोन्ही वक्ताला."

"काकू, कंपनीचा म्हशीशी काही संबंध नाही."

"म्हशीचा हाय की. तिला दुसरी भाषा येत न्हाय."

कृष्णराज बिचारा उकिडवा बसला आणि मोबाइलमध्ये बघत, बातम्या वाचाव्यात तसं "हुर्र यिल्ली यिल्ली" म्हणाला. मोगरीनं शेपटी त्याच्या तोंडावर हाणली, लाथेनं चरवी उडवली आणि शुक्राचा नवा मालक शेणात बसला.

"वरच्या ऑफिसला विचारतो," शर्ट झटकत तो म्हणाला. "दोन-तीन दिवस लागतील."

मोगरी पुन्हा रेकली. जन्मात कुणाला उलटून न बोललेला बलभीम पुढं झाला.

"साहेब, खुशाल केस करा," तो म्हणाला. "पर तिला लई दुखतंय."

त्यानं तिच्या कुशीला डोकं टेकवलं आणि हलक्या आवाजात शुक्राची सगळी भाषा एका दमात बोलून टाकली. मोगरीनं डोळे मिटले, पान्हा सोडला आणि बघता बघता चरवी फेसानं भरली.

धार संपल्यावर बलभीम उठला आणि दोन्ही हात जोडून कृष्णराजपुढं धरले.

"घाला बेड्या," तो म्हणाला. "फकस्त सांजच्याला धारंपुरतं सोडा."