डाव मोडला, भिडू सोडला

लहानपणी माझा अपमान रोज संध्याकाळी, चाळीच्या चौकात, सगळ्यांच्या देखत व्हायचा. लपंडावासाठी भिडू मोजायला सुरुवात झाली की कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘आणि ही लिंबूटिंबू.’ म्हणजे मी पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण मला कुणी शोधायचं नाही, आणि चुकून सापडलेच तर राज्य माझ्यावर यायचं नाही. मी खेळात होते आणि नव्हतेही. पाच वर्षांच्या मुलीला याचा किती राग येतो ते मोठ्यांना कळत नाही. मला तर तो अजून येतो.

आमची चाळ लालबागची. मे महिन्यात खोल्या अशा तापायच्या की रात्रीची जेवणं होईपर्यंत कुणी आपलं पोर घरात बोलवायचं नाही. खाली तळमजल्यावर मसाल्याचं दुकान होतं. वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे ते दिवस, त्यामुळे दुकानातले डंक सकाळपासून धाडधाड मिरच्या कुटत असायचे. त्यात नळावरची भांडणं, कुणाचा तरी रेडिओ, आणि या सगळ्यावर कडी करणारे आम्ही. एवढ्या गलक्यात माझा आवाज सगळ्यात वर लागायचा. राज्य मिळत नव्हतं ना, मग निदान ओरडण्यात तरी मी कुणाला हार जात नव्हते.

या गलक्याचा एकच वैरी होता. पहिल्या मजल्यावर, आमच्या खोलीला लागून आणि मसाल्याच्या दुकानाच्या बरोब्बर वर, गिरणीत कायम रातपाळी करणारे एक मालवणी गृहस्थ राहत. बायकापोरं गावी. संध्याकाळी कामावर जाण्याआधी ते डोळा लावायला बघत आणि आम्ही नेमके तेव्हाच रंगात येत असू. मग ते गंजीफ्रॉकवर कठड्याशी येत. ‘मेल्यांनो, जरा गप ऱ्हवा. माका रातपाळी आसा.’ आम्ही त्यांचं नावच ‘रातपाळी’ ठेवलं होतं. खालच्या डंकांना ते कधी काही बोलत नसत, फक्त आम्हाला. हा मला तेव्हा धडधडीत अन्याय वाटायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. मोठी माणसं मोर्चाला जात, आणि आम्ही पोरं हट्टसुद्धा घोषणेतच करायचो. ‘बर्फाचा गोळा मिळालाच पाहिजे’ हे मी आईला मूठ वळून सांगितल्याचं आठवतं. पण आयांचा एक कान कायम रस्त्याकडे असे. कुठे दगड पडले, कुठे लाठी चालली, कुठे अश्रुधूर सोडला, असलं काही ना काही रोज कानावर यायचं. पोलिसांची लॉरी नाक्यावर दिसली की दुकानांच्या फळ्या लागत आणि पोरं दिसेल त्या घरात ओढली जात. कुणाचं पोर कुठे, ते नंतर निस्तरायचं.

त्या संध्याकाळी एक भिडू कमी पडला. दोन वेण्यांची एक दांडगी मुलगी आमची पुढारी होती. तिने मला हाताला धरून पुढे ओढलं. म्हणाली, ‘चल, आज तू पक्की.’

पक्की! मला दुसरं काही ऐकू येईना. लपायला मी अशी जागा धरली की तिथे यायची कुणाची हिंमत नव्हती. मसाल्याच्या दुकानाच्या मागच्या बोळात मिरचीची रिकामी पोती रचून ठेवलेली असत. त्या ढिगामागे मी घुसले. नाकात मिरची गेली तसा फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबला, शिंक आवळून धरली आणि बसले. आमच्या चाळीचा नियम कडक होता. राज्य घेणारा ‘डाव मोडला, भिडू सोडला’ असं ओरडेपर्यंत भिडूने जागा सोडायची नाही. मध्येच आई हाक मारते म्हणून उठला, तो रडीचा डाव. रडीचा डाव खेळणारा दुसऱ्या दिवशी लिंबूटिंबू.

पुढचं मला आईने नंतर कितीतरी वेळा सांगितलंय. पोलिसांची लॉरी आली आणि नेमकी आमच्या चाळीसमोर थांबली. मसालेवाल्याने घाईघाईने दुकानापुढची भरलेली पोती आत ओढली, त्यात कुटलेल्या मिरचीचं एक पोतं फाटलं आणि खकाणा उडाला. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, सगळ्यांना ठसका. तेवढ्यात कुणीतरी बोंबललं, ‘अश्रुधूर सोडला!’ झालं. ज्यांचा जन्म मिरचीच्या वासात गेला ती माणसं मिरचीला भिऊन पळत सुटली. दारं धडाधड लागली, दिवे विझले, डंक थांबले. मसालेवालासुद्धा स्वतःच्या मिरचीला घाबरून माळ्यावर चढून बसला होता म्हणतात.

आई वर आमच्या खोलीत पाणी भरत होती. मला शेजारणीने आत घेतलं असेल असं ती समजली, आणि शेजारीण समजली मी आईजवळ आहे. माझे वडील दुपारपाळीला, गिरणीत. मला मोजायचं कुणाला सुचलंच नाही.

मी मात्र पोत्यांमागे खूश होते. एकदम सगळं चिडीचूप झालं, तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून मलाच शोधताहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शोधत होतं. मग अंधार वाढला आणि खुशी ओसरायला लागली. डंक बंद, नळ बंद, रेडिओ बंद. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मला भीती वाटायला लागली, रडू यायला लागलं, पण पक्का भिडू रडत नाही म्हणून मी फ्रॉक आणखी आत कोंबला.

त्या शांततेने आणखी एक माणूस जागा झाला. रोज आमच्या गलक्यात कूस बदलत पडणारे रातपाळी काका त्या दिवशी आवाज बंद झाला म्हणून दचकून उठले. अंधारात भिंतीला कान लावून बसले. मग गॅलरीतून येऊन त्यांनी आमचं दार वाजवलं.

‘वैनी, तुमचां चेडू खंय आसा?’

‘शेजारी आहे, भावोजी,’ आई म्हणाली.

‘नाय. सगळ्या पोरांचे खोकले मी भिंतीतून आयकलंय. तेचो नाय.’

आई सांगायची, ती तशीच अनवाणी गॅलरीत धावली. शेजारच्या एकाही खोलीत मी नव्हते. कठड्यावरून तिने मला हाका मारल्या, दबक्या आवाजात, कारण खाली पोलीस उभे होते. त्या हाका मी ऐकल्या. पण आईच्या हाकेला उठणं हा रडीचा डाव. मी जागची हलले नाही.

काकांनी आईला वरच थांबवलं आणि एकटे खाली उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, समोर लॉरी, आणि गंजीफ्रॉकवर हा माणूस. रोज संध्याकाळी अंथरुणात पडून जे ऐकून त्यांचे कान किटले होते, तेच त्यांनी आता पोटातून ओरडायला सुरुवात केली. ‘डाव मोडला, भिडू सोडला! डाव मोडला, भिडू सोडला!’

एक हवालदार काठी आपटत आला. ‘ए, घोषणा कसल्या देतोस?’

‘घोषणा नाय, साहेब. आमच्या चाळीतलां एक चेडू गावणा नाय. तेका हाक मारतंय.’

हवालदाराने वरच्या कठड्याकडे बघितलं. तिथे आई तोंडाला पदर लावून उभी होती. ‘मग मोठ्यानं वरडा की,’ तो म्हणाला. ‘एवढ्यानं काय ऐकू जातंय?’ आणि खणखणीत आवाजात त्यानेच आरोळी ठोकली, ‘डाव मोडला, भिडू सोडला!’

सरकारी आवाजात डाव मोडल्यावर माझी काय बिशाद? मी फ्रॉक तोंडातून काढला, आणि दाबून ठेवलेल्या सगळ्या शिंका एकदम सुटल्या. काका बोळात धावले. मिरचीने लाल झालेली मी बाहेर आले आणि विचारलं, ‘माझ्यावर राज्य आलं?’

आई जिना उतरून आली आणि शेवटच्या पायरीवरच बसली. मला मांडीत घेऊन ती रडत होती आणि हसतही होती. एकेक दार उघडत गेलं. सगळ्यांचेच डोळे लाल होते, कुणाचे कशाने ते विचारायची सोय नव्हती. अश्रुधूर नव्हताच हे कळल्यावर मसालेवाल्याची अशी थट्टा झाली की तो दुकानात तोंड लपवून बसला. लॉरीही आमच्यासाठी थांबली नव्हती. तिचं चाक पंक्चर झालं होतं.

पुढे मी पक्की झाले. रातपाळी काकांनी आमच्यावर ओरडणं काही सोडलं नाही, पण आता ते ओरडले की आईचा जीव भांड्यात पडायचा. कधी आमचा आवाज पांगला की चुलीपुढूनच ती विचारायची, ‘भावोजी, सगळी आहेत ना?’ काका भिंतीपलीकडून वैतागून सांगायचे, ‘आसत, आसत. तुमच्या चेडवाचो आवाज सगळ्यात वर.’

महाराष्ट्र झाला त्या दिवशी संध्याकाळपासून लालबागात लोटच्या लोट माणसं रस्त्यावर आली. लेझीम, ताशे, फटाके, पेढे. मी तोवर चांगली मोठी झाले होते, आणि गर्दीत मैत्रिणींबरोबर पुढे निघाले होते. एवढ्यात मागून कुणीतरी माझा हात घट्ट पकडला. रातपाळी काका होते. रातपाळीआधीची झोप सोडून ते खाली आले होते.

मैत्रिणी हसल्या. मी हात सोडवायला बघितलं.

‘हात सोडू नको,’ ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले. ‘ह्या गोंगाटात तुझो आवाज माका वेगळो आयकाक येवचो नाय.’